पडद्याच्या मधोमध एक रेघ

लेखमाला : पडद्याची भाषा – लेखांक ९

दोन माणसं समोरासमोर बसून बोलत असतात, तरी सिनेमात आपण बहुतेक वेळा एकालाच पाहतो. तो बोलतो तेव्हा त्याचा क्लोज-अप, ती उत्तर देते तेव्हा तिचा. मागच्या लेखांकात शॉट आणि रिव्हर्स शॉटची ही रीत आपण तपशिलात पाहिली. कोणत्या क्षणी कुणाचा चेहरा दाखवायचा, हे यात दिग्दर्शक आणि संकलक ठरवतात. एरवी त्यानं फारसं काही अडत नाही. पण एकेकाळचे प्रेमिक बऱ्याच वर्षांनी भेटतात, तेव्हा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त काही घडत असतं आणि नेमकं तेच कापलं जातं.

यावर एक धाडसी उपाय केला हान्स कॅनोसा या अमेरिकी दिग्दर्शकानं, २००५ सालच्या ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ अदर विमेन’मध्ये. पटकथा गॅब्रिएल झेविन यांची. न्यूयॉर्कमध्ये लग्नाचं रिसेप्शन चाललंय. करवलीच्या वेषातली एक स्त्री बाजूला उभी राहून सिगारेट ओढतेय. एक पुरुष शॅम्पेनचे दोन ग्लास घेऊन तिच्याकडे येतो. दोघं अनोळखी असल्यासारखी बोलू लागतात, आणि हळूहळू आपल्या लक्षात येतं, की ही ओळख फार जुनी आहे. ती लंडनहून आलीय, तिला परतीचं विमान गाठायचंय. दोघांची आयुष्यं आता वेगळी आहेत. पात्रांना नावं नाहीत. हेलेना बॉनहॅम कार्टर आणि एरन एकहार्ट ही ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’. एवढीच गोष्ट.

प्रयोग आहे तो मांडणीत. पडदा मधोमध उभा दुभागलेला आणि जवळजवळ सगळा सिनेमा दोन चौकटींत. दोन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवून हे संवाद चित्रित केले गेले. नटांच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होतो तो बघा. नेहमीच्या पद्धतीत एकाचा क्लोज-अप चालू असताना दुसरा कॅमेऱ्यामागे उभा राहून नुसती वाक्यं पुरवतो. त्याचा क्लोज-अप नंतर, प्रकाशयोजना बदलून होतो. दोघांचे शब्द एकमेकांवर चढू नयेत ही दक्षताही घ्यावी लागते, नाहीतर संकलकाला कापताच येत नाही. इथे दोघंही सतत कॅमेऱ्यापुढे. म्हणून ती दोघं एकमेकांचं बोलणं तोडतात, वाक्य अर्ध्यावर सोडतात, खऱ्या माणसांसारखी बोलतात. त्यानं हसत हसत एखादी जुनी गोष्ट काढली, की ती ऐकताना तिचे डोळे कुठे वळले, ओठ किती वेळ मिटलेले राहिले, हे आपण त्याच क्षणी पाहतो. दृश्य कापण्याचं काम आता आपल्या नजरेकडे येतं. सुरुवातीची काही मिनिटं हे जड जातं, पण मग नजर स्वतःच निवड करू लागते. आपण कुणाच्या चेहऱ्यावर जास्त रेंगाळतो, यावरून आपण कुणाच्या बाजूचे आहोत हेही कळतं.

पडदा दुभागण्याची युक्ती मात्र जुनी. लॉइस वेबर यांनी १९१३च्या ‘सस्पेन्स’मध्ये तीन ठिकाणच्या घटना एकाच पडद्यावर दाखवल्या होत्या. १९५९च्या ‘पिलो टॉक’मध्ये फोनवर बोलणारे नायक-नायिका आपापल्या घरच्या टबात असूनही एकाच टबात असल्यासारखे भासतात. पण ही माणसं दूर असायची आणि दुभागलेला पडदा त्यांना जवळ आणायचा. कॅनोसानं हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या दोघांमध्ये रेघ ओढली. मला या सिनेमातलं सगळ्यात मोठं धाडस हेच वाटतं.

भूतकाळाचंही तसंच. आपल्याकडे गुलजारांच्या ‘इजाजत’मध्ये (१९८७) स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये भेटलेले सुधा आणि महेंदर फ्लॅशबॅकमधून मागे जातात; एका वेळी एक काळ. इथे एका चौकटीत आजचे दोघं आणि शेजारच्या चौकटीत त्यांचं तरुणपण, एकाच वेळी. कधी शेजारच्या चौकटीत घडलेलं नसतंच काही, नुसतं मनातलं असतं.

आता शेवटाबद्दल, ज्यांना तो आधी कळायला नको त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. दोघं वेगवेगळ्या टॅक्सीत बसतात. दोन चौकटींतली मागची सीट अशी जुळवलेली आहे, की हळूहळू रेघ दिसेनाशी होते आणि ती एकाच टॅक्सीत शेजारी बसलेली दिसतात. ‘पिलो टॉक’मधली गंमत होती तीच रचना, पण इथे ती कळ आणते, कारण सबंध सिनेमाभर ती दोघं खरोखर शेजारी असताना ही रेघ जागची हललेली नव्हती.

तरुणपणाची दृश्यं मला थोडी उणी वाटतात. बॉनहॅम कार्टर नुसत्या आवंढा गिळण्यातून जे सांगतात, ते शेजारच्या चौकटीत पुन्हा चित्रासारखं मांडायची गरज नव्हती. त्या वर्षीच्या टोकियो चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो विभागून. सिनेमालाही परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं.

या रेघेचा पुढचा मोठा वापर गास्पार नोए यांनी २०२१च्या ‘व्होर्टेक्स’मध्ये केला. तिथे जोडपं कधी वेगळं झालेलंच नाही. पॅरिसमधलं एक घर, म्हातारा नवरा, स्मृती हरवत चाललेली बायको, आणि तरीही दोघांना दोन चौकटी. पुढच्या लेखांकात त्याविषयी.