चार किलोंची चढण

रॉकी पर्वतात तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन चार-पाच दिवस एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर राहणारे शिकारी रायफलीबद्दल बोलू लागले, की काडतूस आणि नळी हे विषय नंतर येतात. आधी निघतो तो वजनाचा विषय, आणि रायफल सेमी-ऑटोमॅटिक असेल तर गप्पांचा हमखास वाद होतो. हा वाद अलीकडच्या काळ्या, लष्करी दिसणाऱ्या रायफलींमुळे सुरू झाला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो शतकाहून जुना आहे. इतक्या वर्षांत सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा नेम सुधारला, भरवसा वाढला. तरी डोंगर चढणाऱ्यांनी तिला लांबच ठेवलं, कारण ती आधी वाहून न्यावी लागते.

विंचेस्टरने 1905 साली आणि रेमिंग्टनने 1906 साली शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफली बाजारात आणल्या, तेव्हाच वजनाचा पेच उघड झाला होता. विंचेस्टरच्या रचनेत बार उडताना बोल्ट कुठे अडकवलेला नसे. तो केवळ स्वतःच्या जडपणामुळे क्षणभर जागेवर टिकायचा. काडतूस जितकं जोरदार, तितका बोल्ट जड हवा. म्हणून पुढच्या लाकडी मुठीच्या आत पोलादाचं वजन दडवलेलं असे. रेमिंग्टनची रायफल जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून आलेली. तिच्यात नळी आणि बोल्ट दोन्ही मिळून मागे सरकत, आणि त्यासाठी नळीवर आणखी एक बाहेरची नळी चढवावी लागे. वजन साडेतीन किलोंच्या पुढे. पूर्वेकडच्या दाट जंगलात, जिथे हरीण झुडपातून दोन क्षण दिसतं आणि नाहीसं होतं, तिथे या रायफली लोकांना आवडल्या. गाडीरस्ता जवळ असायचा, चालणं थोडं असायचं.

पश्चिमेकडच्या उंच डोंगरांत मात्र हाताने बोल्ट ओढून गोळी भरायच्या बोल्ट-ॲक्शनचंच राज्य राहिलं. रानमेंढ्यांच्या शिकारीवर आयुष्यभर लिहिणारे जॅक ओकॉनर बोल्ट-ॲक्शनमधल्या .270 विंचेस्टर काडतुसाची महती गात राहिले, आणि दोन पिढ्यांनी त्यांचं ऐकलं. मला ते योग्यच वाटतं. पाच तास चढून तीनशे मीटरवरच्या जनावरावर शांतपणे एकच नेम धरायचा असेल, तर दुसरी गोळी आपोआप भरणारं यंत्र क्वचितच उपयोगी पडतं. त्याचं वजन मात्र पावलोपावली जाणवतं.

दुसऱ्या महायुद्धाने या चित्रात एम-1 गॅरँड आणली. 1936 मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली ही रायफल रिकामी असतानाच सुमारे 4.3 किलोंची होती. पुढे ती सैन्याच्या जुन्या साठ्यातून नागरिकांच्या हाती आली आणि अनेकांनी ती रानात नेली. त्याच सुमारास सॅकचं रूप पालटत होतं. 1952 मध्ये डिक केल्टी यांनी कॅलिफोर्नियात ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि कंबरपट्ट्याने ओझं खांद्यावरून कमरेवर उतरवलं. सह्याद्रीत जड सॅक घेऊन राजगड चढलेल्या कुणालाही हा फरक सांगावा लागणार नाही. फक्त रायफल होती तिथेच राहिली: खांद्यावर, सॅकच्या पट्ट्यावरून सतत घसरणारी, दर वीस पावलांनी वर ओढावी लागणारी.

खरी संधी हुकली ती इथे. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत 1950 च्या दशकात ॲल्युमिनियम वापरून एआर-10 घडवली. पूर्ण ताकदीचं काडतूस आणि वजन जेमतेम सव्वातीन किलो. सैन्याने 1957 मध्ये एम-14 निवडली आणि एआर-10 मागे पडली. चार दशकांनी हीच जात अमेरिकी बाजारात पुन्हा रुजली, तेव्हा ती जड झालेली होती: नेमबाजीच्या स्पर्धांसाठी जाड नळ्या, सामान बसवायला लांबलचक रेल. 2008 ची रेमिंग्टन आर-25 दुर्बिणीशिवायच चार किलोंजवळ जात होती. उलट वेस्ट व्हर्जिनियाचे मेल्विन फोर्ब्स यांनी 1980 च्या दशकातच सव्वादोन किलोंहून हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल बनवून दाखवली होती. दोघींतल्या फरकात शिकाऱ्याचा दोन दिवसांचा शिधा सहज बसतो.

वजनाचा आकडाही सगळं सांगत नाही. बोल्ट-ॲक्शन रायफल एका हातात आडवी धरली की तोल जिथे साधतो, तिथे बोटं सहज मिटतात. एआर-10 चा तोल नेमका मॅगझिनपाशी येतो. हात तिथे बसत नाही, म्हणून पुढे किंवा मागे धरायची आणि मनगट दुखवून घ्यायचं. शिवाय शहाणा शिकारी घसरणीच्या वाटेवर नळीत गोळी ठेवत नाही. ती जनावराजवळ पोहोचल्यावर भरतो. बोल्ट-ॲक्शनमध्ये हे काम आवाज न करता होतं. सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट जोराने आपटू द्यावा लागतो, हळू सोडला तर नीट बंद होईलच असं नाही. पहाटेच्या थंडीत तो खणखणाट दरीच्या पलीकडे जातो, आणि एल्कचे कान मोठे असतात.

2007 मध्ये ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे शिकार-संपादक जिम झुंबो यांनी अशा लष्करी दिसणाऱ्या रायफलींना शिकारीत जागा नाही असं लिहिलं. त्यांना दहशतवाद्यांच्या रायफली म्हटलं. काही दिवसांत त्यांचं सदर गेलं, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रमही गेला. ते शब्द अन्यायाचे होते, हे मी मान्य करतो. पण त्या गदारोळात डोंगरातल्या सोयी-गैरसोयीचा साधा प्रश्न गाडला गेला आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर मोकळेपणाने बोलणंच अवघड झालं.

मार्ग काढला तो सॅक बनवणाऱ्यांनी. माजी ऑलिंपिक बायॅथलॉन खेळाडू ग्लेन एबरली यांच्या कंपनीने सॅकमध्येच रायफलीचं म्यान शिवलं. किफारू कंपनीने दस्ता कमरेशी एका खिशात आणि नळी खांद्याच्या पट्ट्याशी अडकवायची सोय केली. वजन कमरेवर, हात मोकळे, आणि पट्टा ओढताच रायफल हातात. केल्टींनी सॅकसाठी जे केलं, ते रायफलीच्या वाट्याला यायला काही दशकं लागली.

परतीचा हिशोब याहून कडक असतो. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांससुद्धा शंभर किलोंच्या आसपास भरतं, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. ते योग्यच आहे. एकटा माणूस तीन-चार खेपा करतो, प्रत्येक खेपेला तीसेक किलो. पहिल्या खेपेला रायफलही बरोबर असते, आणि तेव्हा ती चार किलोंची आहे की अडीच, हे गुडघ्यांना कळतं.

2022 मध्ये रूगरने .308 काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक 3.1 किलोंवर आणली. स्टोनर यांच्या मूळ रायफलीहूनही ती हलकी आहे. कोलोरॅडोत मोठ्या जनावराच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिकमध्ये नळीतली धरून सहाच गोळ्या चालतात, त्यामुळे वीस गोळ्यांचं मॅगझिन न्यायचं कारणही उरत नाही. तरी घरी आणल्यावर तिच्यावर मोठी दुर्बीण बसते, दोन पायांची घोडी लागते, आवाज दाबणारी नळी चढते, आणि काटा पुन्हा चार किलोंच्या पुढे जातो. ज्याला ती डोंगरात न्यायचीच आहे, त्याने यातलं निम्मं सामान घरी ठेवावं. 3.1 किलोंवर सहाशे ग्रॅमची दुर्बीण धरून पावणेचार किलोंत ती पाठीवर बसते, आणि इतकं ओझं मी स्वतः आनंदाने चढवेन.