हाडांची गोष्ट – भाग १४ : टाळू शिवला, मग जबडा का थांबला?

वारंगा फाट्यावर तीन वाटा मिळतात. एक नांदेडहून येते, एक हिंगोलीकडे जाते, तिसरी हदगाव-उमरखेड करत यवतमाळच्या दिशेने निघते. बस बदलायची म्हणजे इथे थांबणं आलंच. गेल्या महिन्यात मी असाच बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई आणि तिचा चौदाएक वर्षांचा मुलगा. वरच्या ओठावर नाकपुडीपासून उतरलेली पांढरी रेघ, म्हणजे लहानपणी शिवलेला ओठ. त्याने वडापाव तोंडात घेतला तेव्हा दिसलं की त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. मी दातांबद्दल काही लिहितो हे बोलण्यातून कळल्यावर बाईंनी सरळ विचारलं, "सर, टाके तर लहानपणीच घातले की. तवा तोंड चांगलं दिसायचं. मंग आता काऊन आत चाललं?"

बस यायला वेळ होता, पण या प्रश्नाला तेवढा वेळ पुरणारा नव्हता. म्हणून हा भाग.

आधी फाट्याचीच गोष्ट घेऊ. पोटातल्या बाळाचा चेहराही असाच वाटा मिळून तयार होतो. कपाळाकडून एक भाग खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन भाग मधे सरकतात आणि नाकाखाली ते एकमेकांना मिळतात. ओठाची ही भेट गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास उरकते, टाळूची बाराव्या आठवड्यापर्यंत. एखाद्या बाजूची भेट हुकली की ओठ दुभंगतो, हिरडी दुभंगते, टाळूही दुभंगू शकतो. जगात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळात हे घडतं. आपल्याकडे अजून ग्रहणात विळी हातात धरल्याचा दोष आईच्या माथी मारतात. सातव्या आठवड्यात कित्येक बायकांना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. त्या बाईंनाही सासरी हेच ऐकवलं गेलं होतं. ग्रहण कोणत्या महिन्यात होतं हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

आता हाड. वरचा जबडा जागच्या जागी फुगत नाही. कवटीच्या तळापासून तो हळूहळू खाली आणि पुढे सरकतो. सरकताना मागे जी फट पडते तिथे, हाडांच्या सांध्यांत, नवं हाड भरत जातं. मागच्या टोकालाही भर पडते, म्हणून दाढांना जागा मिळते. टाळूच्या मध्यरेषेवर सांधा असतो, तिथे रुंदी वाढते. छताचं हाड तोंडाच्या बाजूने भरतं आणि नाकाच्या बाजूने झिजतं, त्यामुळे आख्खं छत खाली उतरतं. घर पाडल्याशिवाय स्लॅब फूटभर खाली घेण्यासारखा हा प्रकार. शरीर तो वर्षानुवर्षं बिनबोभाट करत असतं.

टाळू शिवताना सर्जन काय करतो? भोक मोठं असतं आणि लावायला नवं कापड नसतं. म्हणून तो टाळूच्या दोन्ही बाजूंची कातडी, हाडाला चिकटलेल्या आवरणासकट, हाडावरून सोडवतो आणि मधे सरकवून शिवतो. मधली फट मिटते, पण कडेला हाड उघडं पडतं. ते आपोआप भरून येतं, मात्र मऊ कातडीने नाही, व्रणाने. व्रणाचा स्वभाव आक्रसण्याचा. हाताला भाजल्यावर बोट आखडतं, तसाच. हा व्रण हाडाला आणि दातांच्या मुळांशी घट्ट बसतो. त्यामुळे दातांची कमान आतल्या बाजूला ओढली जाते, आणि जबडा जिथे मागच्या हाडांना टेकतो तिथे जणू गाठ पडते. वासराच्या गळ्यातलं दावं आपण वेळोवेळी सैल करतो, नाहीतर ते मानेत रुततं. हे दावं सैल करता येत नाही.

खालच्या जबड्यावर कुणी टाके घातलेले नसतात. तो आपल्या चालीने वाढतो, आणि मुलांमध्ये मिशी फुटायच्या वयात तर दौडतच सुटतो. वर्षाच्या बाळात जो फरक दिसत नाही, पाचव्या वर्षी किंचित जाणवतो, तो चौदाव्या वर्षी उघडा पडतो. 'आता काऊन'चं उत्तर हे आहे. ऑपरेशन बिघडलं होतं असं नाही. झालेल्या ऑपरेशनचं ते उशिरा आलेलं बिल आहे.

हे व्रणामुळेच होतं, मुळातला जबडाच कमकुवत असतो असं नाही, हे कशावरून? यासाठी न शिवलेले टाळू पाहावे लागतात, आणि श्रीमंत देशांत ते सापडत नाहीत. फर्नांडो ऑर्टिझ-मोनास्टेरियो यांनी मेक्सिकोत 1950 आणि 60च्या दशकांत ऑपरेशन न झालेली प्रौढ माणसं तपासली. त्यांचा वरचा जबडा चांगला पुढे वाढलेला होता. पुढे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले दंततज्ज्ञ मायकल मार्स यांनी 1980च्या दशकात श्रीलंकेत काम सुरू केलं. तिथे तिन्ही प्रकारचे लोक भेटले : काहीच न शिवलेले, फक्त ओठ शिवलेले, आणि बालपणीच ओठ-टाळू दोन्ही शिवलेले. पहिल्यांचा जबडा जवळपास इतरांसारखा वाढला होता. दुसऱ्यांचे पुढचे दात आत वळले होते, पण जबडा बराचसा ठीक होता. मागे राहिलेला जबडा मुख्यतः तिसऱ्यांत दिसला. गरिबीने केलेला हा प्रयोग कुठल्याही नीतिसमितीने मंजूर केला नसता.

मग टाळू शिवूच नये? इथे बाईंच्या मुलाकडे परत यावं लागतं. तो स्वच्छ बोलत होता. टाळूच्या मागच्या मऊ भागात स्नायू असतात. दुभंगलेल्या टाळूत ते आडवे जाण्याऐवजी फटीच्या कडेने जातात, त्यामुळे नाकाचा दरवाजा बंद होत नाही. हवा नाकातून निसटते. म, न, ण जमतात. प, ब, त, क यांना तोंडात दाब लागतो, तो टिकत नाही. मूल 'बाबा' म्हणतं आणि ऐकू 'मामा'सारखं येतं. गावात लोक गेंगाणा म्हणून मोकळे होतात. बोलणं पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतं. जबड्यासाठी टाळू दहा-बारा वर्षं उघडा ठेवला, तर जबडा वाचेल आणि भाषा बिघडेल. जर्मनीत मारबुर्गला श्वेकेंडीक यांनी जवळजवळ हेच करून पाहिलं : मऊ टाळू लवकर शिवायचा, कडक टाळू पुष्कळ उशिरा. जबडे छान वाढले, बोलणं पुष्कळांचं बिघडलं.

म्हणून बहुतेक ठिकाणी ओठ तीन महिन्यांच्या आसपास आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत शिवतात. हा तह आहे, विजय नव्हे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत फक्त टाळू दुभंगलेल्या 558 बाळांची सहाव्या आणि बाराव्या महिन्यातल्या शस्त्रक्रियेत विभागणी केली होती. पाचव्या वर्षी नाकाचा दरवाजा नीट बंद न होण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत सुमारे 9 टक्के निघालं, बारा महिनेवाल्यांत 15 टक्के. बोलण्याचा कौल लवकरच्या बाजूने. जबड्याचा अंतिम हिशेब पाचव्या वर्षी मांडता येत नाही. आणि डॉक्टरांत एकमत असेल असं वाटत असेल तर हे वाचा : युरोपातल्या 201 पथकांची पाहणी झाली तेव्हा एका बाजूच्या दुभंगासाठी 194 वेगवेगळ्या पद्धती सापडल्या.

आपल्याकडे ओठ शिवण्याची मोठी कामं शिबिरांतून झाली. पंढरपूरला 1930 मध्ये जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित 1968 पासून भारतात येऊन मोफत प्लास्टिक सर्जरी करत. अपघाताने शरीराची एक बाजू लुळी पडली, घशाचा कर्करोग झाला, तरी ते येत राहिले. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले. मराठवाड्यात आज लातूरला डॉ. विठ्ठल लहाने स्माईल ट्रेन संस्थेच्या मदतीने ही शस्त्रक्रिया मोफत करतात. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहूनच सुरू झाला आणि त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे. त्यामुळे 'पैसे नाहीत म्हणून राहिलं' असं आता क्वचित व्हावं.

माझी तक्रार दुसरी आहे. आपण ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी छापतो आणि गोष्ट संपवतो. चौदाव्या वर्षाचा तिसरा फोटो कुणी काढत नाही. या मुलाच्या आयुष्यातला एक टप्पा तर निघूनही गेला होता. आठ ते अकराच्या दरम्यान, सुळा हिरडीतून उतरण्याआधी, कंबरेच्या हाडातला भुगा हिरडीच्या फटीत भरतात, म्हणजे सुळ्याला उतरायला हाड मिळतं. सात-आठच्या वयात चेहऱ्यावर मुखवट्यासारखी चौकट बांधून रबरांनी वरचा जबडा पुढे ओढता येतो. दोन्हींबद्दल या बाईंना कुणी बोललं नव्हतं. टाके काढले त्या दिवशी, "झालं, आता काळजी नाही," एवढंच सांगितलं गेलं होतं.

उरतो शेवटचा उपाय, आणि एका बाजूने पूर्ण दुभंग असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला तो लागतो : वाढ पुरती थांबल्यावर वरचा जबडा आडवा कापून पुढे सरकवणं, किंवा कापून यंत्राने रोज मिलिमीटरभर ओढणं. घाई केली आणि नंतर खालचा जबडा आणखी वाढला, तर केलेलं वाया जातं. त्यामुळे त्याच्या बाबतीत आजचं काम दोनच : दातांच्या डॉक्टरकडून दात सरळ करायला सुरुवात, आणि दर वर्षी डोक्याचा बाजूने एक्स-रे, म्हणजे वाढ कधी थांबली ते कळेल.

बाईंनी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं : 'बाजूने एक्सरे, दर वर्षी.' मुलाने विचारलं, "म्हणजे बारावी झाल्यावर?" मी म्हटलं, साधारण तेव्हाच. त्याने मान हलवली आणि हिंगोलीची गाडी आली.

पुढच्या आठवड्यात : कंबरेचं हाड हिरडीत कसं रुजतं.