भोकं जुळली, पण चाक बसलं का?

होंडा सिटीची जुनी अलॉय चाकं स्वस्तात मिळाली आणि ती मारुती स्विफ्टला लावायची आहेत. दोन्हीकडे चार नट, आणि भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर. म्हणजेच गॅरेजवाल्यांच्या भाषेत 'पीसीडी सेम'. चाक सहज चढतं, आणि फसगत होते ती इथेच.

सिटीच्या चाकाचं मधलं भोक 56.1 मिलिमीटरचं, स्विफ्टचा हब 54.1 चा. ही फट भरणारी रिंग बसवली नाही, तर चाक बरोबर मध्यावर येईलच असं नाही. मग वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंग करून थकतात!

खरा धोका मात्र नटांचा. होंडाच्या मूळ चाकांत नटाची बैठक गोलाकार असते, मारुतीचे नट शंकूसारखे. शंकू गोल खळग्यात टेकतो तो जेमतेम एका कडेवर. पान्याला घट्ट वाटतं, पण धक्के बसून नट सैल होऊ शकतो. होंडाचेच नट वापरावेत, तर आटे वेगळे: होंडाचे दीड मिलिमीटरचे, मारुतीचे सव्वाचे. जोर लावून पिळलेत तर स्टडच बाद.

ऑफसेटही, म्हणजे हबला टेकणारी चाकाची बाजू रिमच्या मध्यापासून किती दूर आहे तेही, पाहावं लागतं. ऑफसेट कमी असेल तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो. जास्त असेल तर टायर आत सस्पेन्शनला घासतो. आणि पीसीडीतही डोळ्यावर विसंबू नये: फियाट पुंटोचा पीसीडी 98. तिथे 100 चं चाक डोळ्याला अगदी बरोबर दिसतं, तरी लावू नये.