उशिरा पोचलेला पाय

पेडण्यात किंवा डिचोलीत पोरगा अंगानं थोराड आणि उंच निघाला, की मैदानावरची त्याची जागा ठरून जाते. व्हॉलीबॉल असेल तर जाळ्याशी, फुटबॉल असेल तर स्टॉपर, नाहीतर सरळ गोली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये असले दांडगे गडी बास्केटखाली उभे राहतात, आपल्याकडे ते गोलपोस्टपुढे उभे राहिले. काम सारखंच. आत घुसणाऱ्याला अडवायचं, अंगाला अंग भिडवायचं, आणि एवढं करून माणुसकी सोडायची नाही. गोव्याच्या फुटबॉलला हे गेल्या चाळीस वर्षांत कितपत साधलं, ते एकदा मागे वळून बघावंसं वाटलं.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, शिवोलीत, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर, असं सांगितलं जातं. शिवोली म्हणजे शापोरा नदीचा बार्देशकडचा काठ. पलीकडे चोपडे, तिथून पेडणे तालुका सुरू. नदी एवढीशी, पण खेळाला ती ओलांडायला फार वेळ लागला. सासष्टी-बार्देशात चर्चच्या पटांगणावर फुटबॉल रुजला तेव्हा नव्या काबिजादीतल्या आमच्या गावांना जत्रा, दशावतार आणि भजनी सप्ताह पुरत होते. इकडे फुटबॉलला बळ दिलं ते खाणींनी. डेंपो काय, साळगावकर काय, या संघांमागे लोहखनिजाचा पैसा होता, आणि त्यातलं पुष्कळसं खनिज डिचोलीच्या पोटातून निघालं. टिपरांची तांबडी धूळ आम्ही खाल्ली आणि फातोर्ड्याच्या हिरवळीवर आमच्याच मातीच्या जिवावर सामने रंगले. ही तक्रार समजू नये. त्या कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, आणि नोकरी असलेला स्टॉपर जरा वेगळा खेळतो. त्याकडे पुढे येतो.

मागोवा घ्यायचा तर सुरुवात ब्रह्मानंद संखवाळकर यांच्यापासूनच करावी लागेल. १९८२-८३ चा संतोष चषक गोवा आणि बंगाल यांना विभागून मिळाला. पुढच्या खेपेला मद्रासमध्ये गोव्यानं पंजाबला १-० असं हरवून तो एकट्याच्या बळावर आणला, आणि साऱ्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. गोलात ब्रह्मानंद होते. त्याच सुमारास, १९८३ ते १९८६, ते देशाचे कप्तान होते. अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला, पद्मश्री थेट २०२२ मध्ये. सरकारी घड्याळ असंच चालतं.

गोलीच्या कामात एक क्षण असा येतो की सगळा स्वभाव उघडा पडतो. बाजूनं उंच चेंडू आलाय, समोरून सहा फुटी स्ट्रायकर धावत सुटलाय, आणि रेषेवर थांबायचं की पुढे झेपावायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवायचंय. वेळेवर निघालेल्या गोलीला हात पुरतात. उशिरा निघालेल्याला गुडघा वापरावा लागतो. स्टॉपरचंही तेच. चेंडूचा अंदाज ज्याला आधी येतो तो नुसता खांदा लावून माणसाला बाजूला काढतो. ज्याला येत नाही त्याचा पाय चेंडू निघून गेल्यावर पोचतो आणि नडगीवर बसतो. बघणारे त्याला कडक स्टॉपर म्हणतात. माझ्या लेखी तो मंद स्टॉपर. मैदानावरची बरीचशी दांडगाई ही उशिराची भरपाई असते.

बास्केटबॉलमध्ये याला आधार सापडतो. विल्ट चेंबरलेन, सात फुटांहून उंच, त्याच्या काळात त्याच्या ताकदीचा दुसरा कोणी नव्हता. साखळीतले १०४५ सामने तो खेळला आणि सहा फाउल भरून बाहेर बसण्याची पाळी त्याच्यावर एकदाही आली नाही. टीकाकार म्हणत, पाचवा फाउल झाला की हा हात आखडता घेतो. घेतही असेल. दुसऱ्या टोकाला डेट्रॉईटचा बिल लॅमबिअर. कोपर, कंबर, धक्का, आणि वर साळसूद चेहरा. १९८९ आणि १९९० ची विजेतेपदं त्याच्या संघानं अशीच रेटून मिळवली. जिंकायला दांडगाई लागतच नाही असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. लॅमबिअर जिंकला आहे.

आपल्याकडे या दोघांतला चेंबरलेनच्या बाजूचा गडी म्हणजे महेश गवळी. चर्चिल ब्रदर्स, ईस्ट बंगाल, पुढे डेंपो आणि भारतीय संघ. स्वच्छ टॅकलसाठी त्याचं नाव झालं. तो खाली घसरायचा कमी, उभ्या उभ्या चेंडू काढून घ्यायचा जास्त. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड, हे १९९८ पासून नियमात पक्कं झालं. जुन्या वळणाच्या किती स्टॉपरांची त्यामुळे पंचाईत झाली. गवळीची पिढी त्यानंतरची, तिला हा धाक बहुधा सोयीचाच ठरला.

२००३ साली ईस्ट बंगालनं जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हा गवळी त्या संघात होता. त्याच स्पर्धेत देबजित घोष हा त्याचा सहकारी चेंडूसाठी झेपावताना धडकून कोसळला. संघाच्या डॉक्टरांनी मैदानातच तोंडानं श्वास देऊन त्याला वाचवलं. हे लक्षात ठेवायला हवं होतं. दीड वर्षातच ते आठवायची वेळ आली.

५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कांतिरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाची अंतिम फेरी, डेंपो विरुद्ध मोहन बागान. डेंपोचा ब्राझिली स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर यानं पहिला गोल केला होता. दुसऱ्यासाठी तो चेंडूवर आला, समोरून गोली सुब्रत पाल धावून आला. चेंडू जाळ्यात गेला आणि धडक झाली. क्रिस्तियानो उठला नाही. डेंपो २-० जिंकला. पंचविशीतला पोरगा गेला. वैद्यकीय मदतीची व्यवस्था धड नव्हती, यावरून महासंघावर चहूकडून टीका झाली, आणि ती रास्त होती.

त्या रात्री गोव्यात सुब्रतच्या नावामागे लागलेली विशेषणं इथं छापण्यासारखी नाहीत. पुढे त्याच्यावर बंदीची कारवाईही झाली. तो जेमतेम अठराच्या घरातला. मी ती चित्रफीत अनेकदा थांबवून पाहिली आहे. मला त्यात द्वेष दिसला नाही, उशीर दिसला. अर्थात मेलेल्याच्या घरच्यांना या फरकानं काय मिळणार? डेंपोनं १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली, आणि त्याच मोसमात पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

बास्केटबॉललाही असा एक दिवस आहे, ९ डिसेंबर १९७७. लॉस एंजेलिसचा कर्मिट वॉशिंग्टन मैदानात झटापटीत गुंतला होता. ती सोडवायला ह्यूस्टनचा रुडी टॉमजानोविच धावत आला. मागून कोणीतरी येतंय एवढंच वॉशिंग्टनला कळलं. तो वळला आणि ठोसा हाणला. टॉमजानोविचचा चेहरा अक्षरशः मोडला, प्राणावर बेतलं. वॉशिंग्टनला दहा हजार डॉलर दंड आणि साठ दिवसांची बंदी झाली. गंमत बघा, कॉलेजात तो अभ्यासू म्हणून नावाजलेला. टॉमजानोविच बरा झाला आणि प्रशिक्षक म्हणून त्यानं ह्यूस्टनला १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदं मिळवून दिली. वॉशिंग्टनला मात्र लोक त्या एका ठोशावरूनच ओळखत राहिले.

सुब्रतचं तसं झालं नाही. २०११ च्या आशिया चषकात दक्षिण कोरियाकडून भारत ४-१ असा हरला, पण त्यानं अडवलेल्या फटक्यांमुळे लोक त्याला स्पायडरमॅन म्हणू लागले. त्याच्या पुढ्यात मधल्या फळीत कोण होता? डेंपोचा क्लायमॅक्स लॉरेन्स. ड्रेसिंग रूममध्ये क्रिस्तियानोच्या विषयावर काही बोलणं झालं असेल का, याचं मला कुतूहल आहे. विचारायचं धाडस कोणी केलं असेल असं वाटत नाही.

आता नोकरीचं बोलतो. कंपनीच्या पगारावरचा स्टॉपर रविवारी ज्या स्ट्रायकरला आडवा करी, तो त्याला पुढच्या आठवड्यात फेस्ताला नाहीतर म्हापशाच्या बाजारात भेटणारच असे. लहान राज्यात शरम हा मोठा रेफरी असतो. खेळ सुटल्यावरही नोकरी उरणार, हा भरवसा असला की एका सामन्यासाठी जिवावर उदार व्हावं लागत नाही. डेंपोच्या खाणी २००९ मध्ये सेझानं १७५० कोटींना घेतल्या. २०१२ च्या सप्टेंबरात खाणकामच थांबलं. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. खाणबंदी हेच त्याचं एकमेव कारण नव्हतं. आयएसएल या फ्रँचायझींच्या नव्या लीगपुढे जुन्या क्लबांना जागाच उरली नव्हती. नव्या करारांवर बाहेरून आलेल्या खेळाडूला फेस्त आणि बाजार कुठला?

२० डिसेंबर २०१५ ला फातोर्ड्यावर एफसी गोवा याच लीगचा अंतिम सामना चेन्नईयिनकडून ३-२ हरला आणि त्यानंतर जे झालं त्याची गोवेकर म्हणून लाज वाटली. धक्काबुक्की, आरोप, बक्षीस समारंभावर बहिष्कार, पोलीस. क्लबला अकरा कोटींचा दंड आणि पंधरा गुणांची कपात सुनावली गेली. गुणांची शिक्षा नंतर अपिलात उठली. त्या दिवशी दांडगाई बचावफळीत नव्हतीच, ती मैदानाबाहेर होती.

डिचोली तालुक्यापुरतं चांगलं सांगायचं तर साखळीची सेझा फुटबॉल अकादमी. १९९९ पासून तिथं पोरं घडतायत. आदिल खान तिथलाच, उंच, मजबूत. १५ ऑक्टोबर २०१९ ला कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध सामना हातचा जातोय असं वाटत असताना कॉर्नरवर त्यानंच डोकं लावून १-१ केलं. तसल्या गर्दीत काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. एकानं दुसऱ्याची जर्सी कमरेशी मुठीत धरलेली, दुसऱ्याचा हात पहिल्याच्या छातीवर, आणि रेफरीची मान वळायच्या आत दोघांच्याही मुठी सुटलेल्या. चेंडू हवेत असताना आधी कोण सुटला, एवढाच प्रश्न.

कोविडच्या दोन मोसमांत सगळी आयएसएल गोव्यातच, बहुतेक रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. १९ फेब्रुवारी २०२२ ला वास्कोच्या टिळक मैदानावर केरळाशी २-२ बरोबरी झाल्यावर मोहन बागानचा संदेश झिंगन, देशातला सर्वात कणखर म्हणून गाजलेला स्टॉपर, आपण बायकांशी खेळून आलो असं काहीसं बोलून गेला. कॅमेऱ्यानं ते टिपलं, गदारोळ उठला, त्यानं माफी मागितली. डोक्याला पट्टी बांधून खेळणारा हा गडी नव्वद मिनिटं वेळेवर पोचला होता, घसरला ती जीभ. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एफसी गोवानं त्याला घेतलं.