साइनच्या डोक्यावरचा उणे एक

एका वाचकाने बारावीतल्या मुलीचा प्रश्न पाठवला आहे. साइन ३०° म्हणजे अर्धा. साइनच्या डोक्यावर २ लिहिला की अर्ध्याचा वर्ग होतो, पाव. मग −१ लिहिल्यावर अर्ध्याचा गुणाकार व्यस्त, म्हणजे २, का येत नाही? तिचे गुण गेले म्हणे. मी असतो तर प्रश्नालाच दिले असते!

उत्तर संयुक्त फलनात, म्हणजे एकामागून एक केलेल्या कृतींत, आहे. चकलीची भाजणी आठवा: धान्य आधी भाजायचं, मग दळायचं. गणिताच्या रीतीने हे ‘दळ(भाज(धान्य))’ असं लिहावं लागेल. वाचताना दळण आधी येतं, पण काम कंसाच्या पोटातून सुरू होतं. क्रम उलटला तर आधी दळून मग पीठ भाजलं जाईल; त्याचे लाडू वळा, चकली विसरा.

आकड्यांत पाहू. ‘फ’ म्हणजे २ मिळवा, ‘ग’ म्हणजे तिप्पट करा. फ(ग(४)) काढताना आधी १२, मग १४. ग(फ(४)) काढताना आधी ६, मग १८.

आता ‘फ’ लागोपाठ दोनदा केलं तर ४ चे ८ होतात. १८१३ साली विशीतल्या जॉन हर्शेलने (युरेनस शोधणाऱ्या विल्यमचा हा मुलगा) रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अशा दुहेरी कृतीसाठी ‘फ’च्या डोक्यावर २ लिहिला. एकदाच केली तर १, केलीच नाही तर ०. मग केलेलं पुसणाऱ्या कृतीला, म्हणजे व्यस्त फलनाला, इथे ‘२ वजा करा’ला, −१ च शोभतो. दोनदा पुढे, एकदा मागे, म्हणजे एकदाच पुढे: घातांकांची बेरीज चोख जुळते. कॅल्क्युलेटरवर ०.५ चा साइन उणे एक काढला की ३० अंश परत मिळतात ते याच अर्थाने.

या हिशेबाने साइनवरचा २ म्हणजे ‘साइनचा साइन’ व्हायला हवा. हर्शेलचं म्हणणं तेच होतं, आणि वर्ग तसा लिहिणं गणितज्ञ गाउसलाही खटकत होतं. पण हात वळले होते ते वळलेच.

गंमत म्हणजे हर्शेलही पहिला नव्हता. हान्स हाइनरिक ब्यूर्मान या जर्मन गणितज्ञाने ही कल्पना आधीच मांडली होती. ते कळल्यावर हर्शेलने १८२० च्या आपल्या पुस्तकात तसं छापलं. व्यस्त फलनांसाठी ती वापरण्याचं श्रेय तेवढं स्वतःकडे ठेवलं. तरी ब्यूर्मानचं नाव मागेच राहिलं.

तर त्या मुलीला सांगा: बाई, घोळ −१ चा नाही, २ चा आहे. परीक्षेत मात्र वर्गच कर.