मांडवीवरचे गिऱ्हाईक येते कुठून?

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. पाहुणे आले की हे शिल्प मी आवर्जून दाखवतो. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, एवढे सांगितले की कोणीतरी गोव्याच्या कॅसिनोचा विषय काढतोच. या अभ्यासाची सुरुवात अशा गप्पांतूनच झाली.

प्रश्न साधा होता. पणजीत मांडवी नदीत नांगरलेल्या त्या जहाजांवर गिऱ्हाईक येते कुठून? किनारे पाहायला आलेला परदेशी पाहुणाच रात्री तिकडे वळत असेल, अशी माझी समजूत. पण धक्क्यावर तीन-चार संध्याकाळी उभा राहिलो, तेव्हा रांगेत कानांवर पडले ते मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि हिंदी.

मग कायदे चाळले. गोव्याचा जुगारविषयक कायदा १९७६चा. १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट मिळाली, १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांची आणि रूलेटची टेबले आली. गंमत अशी, की महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला होता! तो लागू करणारी अधिसूचना मात्र कधी निघालीच नाही. अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालयात याचिका झाली. अखेर २०२३ साली कायदाच रद्द करण्यात आला. आपल्याकडे चालतो तो १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा, आणि गुजरातेतही तोच.

म्हणजे गोव्याच्या मागणीचा मोठा झरा गोव्यात नसून शेजारच्या बंदीत आहे. मकावचे तसेच. चीनच्या मुख्य भूमीवर कॅसिनोला परवानगी नाही, आणि २००६मध्ये मकावची कमाई लास वेगासच्या पुढे गेली.

नुसत्या बंदीने मात्र गिऱ्हाईक तयार होत नाही. खेळाची सवय घरातच लागलेली असते. आपल्याकडे पोलीस कारवाईच्या बातमीत ‘तिर्रट’ म्हणून छापून येतो, त्याच कुळीचा तीन पत्ती तिथे वातानुकूलित दालनात मांडलेला असतो. शेजारी अंदर-बाहर. नियम शिकवावे लागत नाहीत. प्रवेशशुल्कातच जेवण, मद्य, नाचगाणे आणि थोड्या चिप्स येतात. त्यामुळे ‘खेळायला नाही, बघायला चाललोय’ असे घरी सांगता येते. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की मागणीच्या कारणांत त्याला वेगळी जागा द्यावीशी वाटते.

गोवा सरकारला या खेळाची झळ ठाऊक असावी. १ फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी जाहीर झाली; पर्यटकांना मुभा राहिली. राज्याचा महसूल पणजीत जमा होतो, हरलेला माणूस मात्र आपल्या गावी परततो.

आमच्या भागातला एक खत-बियाण्यांचा दुकानदार दोन वर्षांत पाच वेळा गोव्याला गेला. पहिल्या खेपेला जिंकला होता, ते त्याने सगळ्यांना पेढे वाटून सांगितले. उरलेल्या चार खेपांचे त्याच्या बायकोला कळले, ते सावकार दारात आला तेव्हा. दुकान आता दुसरा चालवतो. हा गृहस्थ त्याच दुकानात पगारावर पोती मोजतो आणि दर सोमवारी व्याज पोचवून येतो.