चिंता येते कुठून?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (1913–2007) यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीनुसार माणसाच्या चिंतेला घटनेपेक्षा त्या घटनेविषयी त्याने मनात धरलेली समजूत अधिक जबाबदार असते.

मुलगी क्लासहून अर्धा तास उशीर झाला तरी परतत नाही, फोनही लागत नाही. अशा वेळी 'तिने वेळेवर यायलाच हवे, नक्कीच काहीतरी भयंकर घडले असणार' असा हट्ट मनाने धरला, की जिवाची घालमेल सुरू होते आणि मैत्रिणीच्या घरी चौकशी करण्याची साधी गोष्टही सुचत नाही. 'ती वेळेवर आली असती तर बरे, पण उशिराला पावसापासून पंक्चरपर्यंत अनेक कारणे असू शकतात' असे मानल्यास काळजी उरते, पण हातपाय गळत नाहीत.

एलिस यांचा भर हट्टी समजुतीकडे पुरावा मागण्यावर, म्हणजेच तिचे खंडन करण्यावर होता. 'सकारात्मक विचार करा' या गुळमुळीत सल्ल्यापेक्षा हे पुष्कळच कष्टाचे काम आहे.

भारतात ही पद्धत रुजवण्यात मुंबईचे कि. मो. फडके यांचा मोठा वाटा असून त्यांनी तिच्यावर मराठीतही लेखन केले आहे.

चिंतेने दीर्घकाळ झोप उडाली असल्यास तज्ज्ञांना भेटणेच योग्य.